त्या यादीत आपणही आहोत गं

अगं, काल फोनवर तू हळू आवाजात विचारलंस, "ताई, ह्याचं काय करावं?" तेव्हा मी विषय बदलला, कारण तुझा भाऊ तिथंच बाजूला बसलेला असणार हे मला कळत होतं. म्हणून आज लिहायलेय. हे आपल्या दोघींतच राहू दे.

तुझ्या भावाच्या स्टेटसला हिटलरचा व्हिडिओ होता. मागं ढणढण संगीत, वर "असला नेता पाहिजे". तू हटकलंस तर म्हणाला, "जोक आहे, तुला नाही कळायचा." मग त्याच्या मोबाईलमध्ये आणखी काय काय निघालं: ज्यू लोकच जग चालवतात, बँका त्यांच्या, औषध कंपन्या त्यांच्या, रोगही त्यांनीच पसरवलेले. काळ्या माणसांवरचे घाणेरडे विनोद. सगळं कुठल्याशा टेलिग्राम चॅनलवरून आलेलं. तुला वाटलं, लेकरू हातातून गेलं.

गेलेलं नाही. मी अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते, आणि असलं स्टेटस ठेवणारं पोर वर्गात अधूनमधून भेटतंच. बहुतेकदा ते हुशार असतं, घरी नीट वागणारं असतं. सतरा वर्षांचं पोर अहमदपूर सोडून लातूरच्या ट्यूशन एरियात येतं. पहाटेपासून क्लास, दर आठवड्याला टेस्ट, भिंतीवर रँकची यादी. तू कामावर असतेस, मामा-मामी गावाकडं. 'लातूर पॅटर्न' मार्क मिळवून देत असेल, पण रात्री अकराला "आज कसा गेला दिवस?" असं कुणी विचारत नाही. तेवढ्यात मोबाईलमधला कुणीतरी त्याला म्हणतो, "जगाचं खरं गुपित तुला सांगतो, बाकीचे सगळे मेंढरं आहेत." मार्क घसरलेल्या पोराला आपण काहीतरी विशेष आहोत असं वाटायला एवढं पुरतं. द्वेष नंतर येतो गं. आधी येतं ते हे मोठेपण.

आणि हिटलरचं खूळ काही त्यानं शोधून काढलेलं नाही. आपल्याकडं ते जुनंच आहे. रस्त्यावरच्या पुस्तकवाल्याकडं 'माइन काम्फ'चं मराठी भाषांतर स्पर्धा परीक्षेच्या गाइडशेजारी मांडलेलं असतं. २००६ मध्ये नवी मुंबईत खारघरला एकानं हॉटेल काढून त्याला हिटलरचं नाव दिलं होतं, दर्शनी भागात स्वस्तिक लावून. मुंबईतल्या ज्यू समाजानं विरोध केला तेव्हा ते नाव बदललं. मालकाचा ज्यूंवर राग होता असं नाही. लोकांच्या लक्षात राहील असं नाव हवं होतं, एवढंच. आपल्याकडं हिटलर असाच येतो: शिस्तीचा माणूस, इंग्रजांना नडलेला माणूस. साठ लाख ज्यू मारले गेले ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत येते आणि पेपर झाला की विसरली जाते.

भाऊ म्हणेल, "इंग्रजांचा शत्रू म्हणजे आपला मित्र." तर त्याला हे सांग. हिटलरनं त्याच्या त्याच पुस्तकात लिहिलंय की भारत दुसऱ्या कुणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांकडंच राहिलेला बरा. आपल्या स्वातंत्र्याच्या धडपडीची त्यानं टिंगल केली. १९३७ मध्ये ब्रिटिश नेते लॉर्ड हॅलिफॅक्स त्याला भेटले, तेव्हा त्यानं सल्ला दिला: गांधींना गोळी घाला, तेवढ्यानं भागलं नाही तर काँग्रेसच्या आणखी नेत्यांना घाला. भाऊ सुभाषबाबूंचं नाव काढेलच. ते १९४२ मध्ये हिटलरला भेटले हे खरं आहे, देश सोडवायला मदत मागायला गेले होते. पण त्याच सुभाषबाबूंनी १९३६ मध्ये हिटलरच्या भारतीयांबद्दलच्या वंशवादी बोलण्याचा उघड निषेध केला होता. त्यांना हा माणूस नीट कळलेला होता.

आता "जोक आहे"चं बघू, कारण सगळी गोम तिथंच आहे. अमेरिकेत 'डेली स्टॉर्मर' नावाची नाझी विचारांची एक साइट २०१३ मध्ये निघाली. तिच्या लेखकांसाठीची आतली नियमावली २०१७ मध्ये बाहेर फुटली. त्यात साफ सांगितलं होतं की मजकूर असा लिहा, नव्या वाचकाला हे गंमत करतात की खरंच म्हणतात, ते कळू नये. म्हणजे पोरगं हसतं, कुणी आक्षेप घेतला की "जोक होता" म्हणून सुटतं, आणि हसता हसता त्या शब्दांची त्याला सवय होते. तुझ्या भावानं तुला जे उत्तर दिलं, ते त्याच्या आधी कुणीतरी दूरवर बसून तयार करून ठेवलं होतं. त्याला वाटतंय तो लई बंडखोर आहे. खरं तर तो दुसऱ्याचं पाठांतर म्हणून दाखवायलाय.

त्या साइटचं नावही उचललेलंच. जर्मनीत युलियुस श्ट्राइखर नावाचा संपादक 'डेअर श्ट्युर्मर' हे साप्ताहिक काढायचा, १९२३ पासून १९४५ पर्यंत. मोठाली नाकं काढलेली व्यंगचित्रं, ज्यू लोक लेकरं पळवतात असल्या कहाण्या. युद्ध संपल्यावर न्यूरेंबर्गला खटला चालला. ज्यूंचा संहार घडवून आणण्यात त्याचा प्रत्यक्ष हात नव्हता, पण छापून छापून लोकांना त्यासाठी तयार केल्याबद्दल न्यायालयानं त्याला दोषी धरलं. १९४६ च्या ऑक्टोबरात तो फासावर गेला. "नुसतं फॉरवर्ड तर केलं" म्हणणाऱ्याला एवढा एक माणूस माहीत असावा.

आणि "ज्यू जग चालवतात" हे कुठून आलं? १९०३ मध्ये रशियातल्या एका वर्तमानपत्रानं ज्यू पुढाऱ्यांच्या गुप्त बैठकीचं म्हणून एक टिपण छापलं. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'नं पुराव्यासकट दाखवून दिलं की त्यातले उतारेच्या उतारे १८६४ च्या एका फ्रेंच पुस्तकातून चोरलेत. त्या मूळ पुस्तकाचा ज्यूंशी काही संबंधच नव्हता, ती नेपोलियन तिसरा याच्यावरची टीका होती. इतकं उघडं पडलेलं खोटं, पण अमेरिकेत मोटारवाल्या हेन्री फोर्डच्या पेपरनं ते पसरवलं, नाझींनी शाळेत नेलं, आणि शंभर वर्षांनी तेच लातूरच्या रूमवर पोचलं. कॉपी केलेल्या पेपरची शंभर वर्षं जुनी झेरॉक्स आहे ती, असं सांग त्याला. परीक्षेच्या पोराला हे पटकन कळेल.

आता मला सांग, तुझ्या भावानं आयुष्यात एक तरी ज्यू माणूस पाहिलाय का? नांदेड-लातूरकडं आपल्याला भेटणार कुठं? पण मराठी बोलणारे ज्यू आपल्याच राज्यात शेकडो वर्षांपासून आहेत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून त्यांचे पूर्वज वाचले, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांची आडनावं बघ: दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर. त्यांच्या सणांत खिरीचा सण आहे, बिरड्याचा रोजा आहे. त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी १८४६ मध्ये मुंबईत मराठीत छापली गेली. ह्याच बेने इस्रायल समाजातले डॉ. एलिजा मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीजवळचा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. 'बूट पॉलिश'मधला जॉन चाचा करणारे डेव्हिड त्यांच्यातलेच, त्यांचं मूळ आडनाव चेऊलकर. इंग्रजी कवी निसिम इझिकेल यांनी आपल्या इंदिरा संतांच्या कविता वृंदा नाबर यांच्यासोबत इंग्रजीत नेल्या. इस्रायलला गेलेल्या मंडळींनी तिथंही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. जग मुठीत ठेवणारे म्हणे हेच! बहुतेक जण गिरणी, रेल्वे, दवाखाना, शाळा अशा नोकऱ्या करून जगले.

तुझ्या भावाच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातही ज्यू आहेत, हे त्याला माहीतच नाही. श्वसनाच्या धड्यातलं क्रेब्ज चक्र त्याला तोंडपाठ असेल. हान्स क्रेब्ज ज्यू घरातले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि फ्रायबुर्गच्या नोकरीवरून त्यांना काढून टाकलं. ते इंग्लंडला गेले, १९३७ मध्ये शेफिल्डला ते चक्र मांडलं, १९५३ ला नोबेल मिळालं. त्याच धड्यातल्या ग्लायकोलिसिसच्या 'ईएमपी' मार्गातला 'एम' म्हणजे ऑटो मायरहोफ. त्यांना नोबेल आधीच मिळालेलं होतं, तरी १९३८ मध्ये जर्मनी सोडावी लागली. स्टेटसवरच्या 'नेत्यानं' जर्मनीचं काय भलं केलं ते यावरून कळावं.

आणि हाफकिन. दवाखान्यात औषधांच्या खरेदीवरून 'हाफकिन, हाफकिन' आपण ऐकलेलंच आहे. ते मूळचे वाल्देमार हाफकिन, ओडेसाचे ज्यू. ज्यू म्हणून त्यांना रशियात पुढं जाता येईना. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढं १९०२ मध्ये पंजाबात मलकोवाल गावी लस दिलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. खापर हाफकिनवर फुटलं, काम गेलं. बाटली गावात उघडताना दूषित झाली होती हे सिद्ध होऊन नाव स्वच्छ व्हायला १९०७ साल उजाडलं. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. रोग त्यांनीच पसरवले म्हणणाऱ्या व्हिडिओला यापेक्षा जास्त उत्तर द्यायची गरज नाही.

आता जे सांगते ते नीट ऐक, कारण मला खरं सांगायचं आहे ते हे. तुझा भाऊ समजतो, ही मारामारी गोऱ्यांची आणि ज्यूंची आहे, आपण प्रेक्षक. तसं नाही गं. त्या नाझी विचारांच्या मंडळींच्या यादीत आपणही आहोत.

२०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत पिट्सबर्गला एकानं सिनेगॉगमध्ये शिरून ११ जणांना मारलं. निघण्याआधी त्यानं ऑनलाइन काय लिहिलं होतं? निर्वासितांना मदत करणारी ज्यूंची एक संस्था 'घुसखोर' आणते, म्हणून. म्हणजे राग ज्यूंवर, कारण ते बाहेरच्यांना आत घेतात. आणि त्यांच्या हिशोबी बाहेरचे म्हणजे गोरा नसलेला कुणीही. तू, मी, तुझा भाऊ. २०१९ च्या मार्चमध्ये न्यूझीलंडला क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं मारली, मारणाऱ्यानं ते फेसबुकवर थेट दाखवलं. फेसबुकला पहिल्या चोवीस तासांत त्या व्हिडिओच्या १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. मेलेल्यांत हैदराबादचा एक तरुण इंजिनिअर होता. हैदराबाद म्हणजे आपल्या नांदेडकरांचं दवाखान्याचं, लग्नाच्या खरेदीचं, नोकरीचं गाव. त्याच हैदराबादच्या श्रीनिवास कुचिभोतला यांना २०१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका बारमध्ये गोळी घातली, "माझ्या देशातून चालता हो" असं ओरडून. ते कुठल्या जातीचे, कुठल्या पक्षाचे, हिटलरबद्दल त्यांचं मत काय, मारणाऱ्यानं काही विचारलं नाही.

आणि नांदेडात राहून ओक क्रीक कसं विसरायचं? ५ ऑगस्ट २०१२, रविवार सकाळ, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला गुरुद्वारा. स्वयंपाकघरात बायका लंगरची तयारी करत होत्या. एक गोरा वंशवादी आत आला आणि त्यानं सहा जणांचे जीव घेतले. गुरुद्वाऱ्याचे प्रमुख सतवंतसिंग कालेका त्याला अडवताना गेले. जखमी झालेले एक ग्रंथी पुढं २०२० मध्ये वारले. तो मारेकरी नाझी विचारांच्या बँडमध्ये वाजवायचा. आधी गाणी, मग गोळी. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये आपल्याच गोदेकाठी देह ठेवला. हजूर साहिबच्या भोवती पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, आपल्यासारखंच मराठी बोलणारे शीख आपल्या वर्गात होते, त्यांच्या घरी आपण जेवलोय. पगडी म्हणजे काय हे त्या मारेकऱ्याला माहीत नव्हतं असं धरून चालू. पण माहीत असतं तर त्यानं सोडलं असतं का? हा प्रश्न भावाला विचार आणि उत्तराची घाई करू नकोस.

२०२४ च्या डिसेंबरात चेन्नईत जन्मलेल्या श्रीराम कृष्णन यांची ट्रम्प यांच्या चमूत नेमणूक झाली, तेव्हा तीच ऑनलाइन मंडळी भारतीयांच्या रंगावर, अन्नावर, घामाच्या वासावर तुटून पडली. ज्यांचे विनोद आपली पोरं इथं फॉरवर्ड करतात, तेच तिथं आपल्या पोरांवर विनोद करतात. पुण्या-नांदेडहून तिकडं शिकायला गेलेली लेकरं ते रोज वाचतात.

इथं एक गंमत बघ. तेच पोर सकाळी हिटलरचं स्टेटस ठेवतं आणि संध्याकाळी "इस्रायलसारखं करा" म्हणतं. हे जमतं कसं? कारण त्याला ज्यूंशी देणंघेणंच नाही. दोन्हीकडं त्याला आवडतं ते एकच: कुणाला तरी चिरडणं. उलट बाजूही आहे. गाझाची चित्रं बघून काळीज फाटतं, इस्रायल सरकारवर संताप येतो. तो येऊ दे, सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण त्या रागात "हिटलरनं काम अर्धवट सोडलं" असलं कुणी लिहिलं तर तिथं थांबायचं. अलिबागच्या एखाद्या रोहेकर आजीनं काय केलं होतं? मुंबईतल्या नरिमन हाउसमध्ये २६/११ ला अतिरेक्यांनी मारलेल्या तरुण रब्बी पतीपत्नीनं काय केलं होतं? त्यांचं दोन वर्षांचं लेकरू सँड्रा सॅम्युअल या सांभाळणाऱ्या बाईनं उचलून बाहेर आणलं म्हणून जगलं.

आणि हे परदेशातलं म्हणून आपण हात झटकायचे नाहीत. ज्या हातानं ते चॅनल बघितलं, त्याच हातानं आपला गावाकडचा ग्रुप उघडतो. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे पाच गरीब जण. लेकरं पळवणारी टोळी फिरतेय असं मोबाईलवर फिरत होतं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठेचून मारलं. लेकरं पळवण्याची तीच कहाणी गं, जी श्ट्राइखर छापायचा. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात फॉरवर्डची मर्यादा पाचवर आणली. आपल्या मराठवाड्यात आता आडनाव वाचून दुकान निवडणारे, धर्म बघून रिक्षा ठरवणारे मेसेज फिरतात, जातीजातींत लावून देणारे रील फिरतात. ज्यूच्या जागी दुसरं नाव टाकलं की व्हिडिओ तसाच्या तसा चालतो. भावाला हे ओळखता आलं तर त्याला अर्धी लढाई जमली.

तर आता करायचं काय?

मोबाईल हिसकावू नकोस. हिसकावला की तो दुसऱ्याच्या मोबाईलवर बघेल, आणि चॅनलवाले म्हणत होते तेच खरं ठरेल, घरच्यांना सत्य नकोय. ओरडाआरडा, "नालायका" वगैरेही नको. जेवताना साधं विचार: हा व्हिडिओ कुणी बनवला? तो तुला भेटला तर तुला शेजारी बसवेल का? क्रेब्जची गोष्ट आधी सांग, गोळीबाराची नंतर. पोराला आधी कुतूहल वाटू दे, लाज नंतर वाटेल.

एखाद्या रात्री दोघं मिळून त्याचं फीड साफ करा. 'नॉट इंटरेस्टेड' दाबायचं, बघितल्याची हिस्ट्री पुसायची, त्या चॅनलमधून बाहेर पडायचं, व्हिडिओ रिपोर्ट करायचे. "बघा किती वाईट आहे" म्हणूनही पुढं पाठवायचं नाही, कारण यंत्राला शिवी आणि शाबासकी सारखीच. कायद्याचंही एकदा शांतपणे सांग. धर्म, वंश, जात, भाषा यावरून तेढ पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरानं ते जाणून असावं. पण धाक म्हणून रोज रोज म्हणू नकोस.

सगळ्यांत मोठं काम म्हणजे रात्री अकराची ती रिकामी जागा भरणं. रोज दहा मिनिटं गच्चीवर बस त्याच्यासोबत, अभ्यासाचा विषय न काढता. टेस्टचे मार्क विचारणं महिनाभर बंद कर. क्रिकेटला जाऊ दे. तो खचलेला वाटला, झोपत नसला, तर टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, मराठीत बोलता येतं. तूही बोलू शकतेस, तुलाही भार आहेच की.

मामीला आताच सांगायची गरज नाही, ती घाबरून त्याला गावी बोलावून घेईल. पण काही गोष्टी दिसल्या तर वाट बघू नकोस. कुणा मारेकऱ्याचं नाव घेऊन तो कौतुक करायला लागला, हत्यारांचं बोलायला लागला, जुने मित्र तोडून फक्त त्या ग्रुपमध्येच राहायला लागला, किंवा वर्गातल्या एखाद्या ठरावीक पोराबद्दल विखारानं बोलायला लागला, तर लगेच मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. मी लातूरला येते. मामा-मामींशी बोलायचं, समुपदेशकाकडं न्यायचं, ते सगळं आपण दोघी मिळून करू.